ओपनिंगचा गुरुवार

सकाळी पावणेआठ

शटर वर केलं की दिव्याच्या बटणाआधी मी आर्द्रतामापक बघते. आज काटा ६८वर आहे. नोव्हेंबर लागला तरी मुंबईच्या फोर्टातली हवा ओलीच असते. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर. कागदावरच्या कामाला ५० ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि ६५च्या वर दिवसेंदिवस राहिली तर बुरशी धरते. डीह्युमिडिफायरची टाकी रात्रभरात भरली आहे. ती मोरीत ओतते, यंत्र पुन्हा सुरू करते आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या फ्रेमांच्या पाठीवरून तळहात फिरवते. ओल धरलेली पाठ हाताला गार लागते. आज सगळ्या कोरड्या आहेत.

आमची गॅलरी म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढची मोठी, मागची लहान, मध्ये जुन्या इमारतीचा ओतीव लोखंडी खांब. संध्याकाळी साडेसहाला इथे दोघांचं प्रदर्शन उघडतंय. चित्रकार कोल्हापुरात शिकलेले, आता पुण्याच्या कडेला राहतात. बरीच वर्षं ते खडीच्या खाणी रंगवताहेत, कागदावर, जलरंग आणि गुआशमध्ये: उभा कापलेला डोंगर, क्रशरचा धुरळा, खाणीच्या तळाशी साचलेलं हिरवं पाणी. सिरॅमिकचं काम करणाऱ्या ताई कर्जतजवळ राहतात, तिथेच त्यांची गॅसची भट्टी आहे. क्रशरखाली पडणारी पूड त्या पोत्यानं आणतात, दळतात, बारीक चाळणीतून काढतात आणि ग्लेझमध्ये घालतात. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यात लोखंड भरपूर. भट्टी १२८० अंशांच्या आसपास गेली की ही पूड वितळते आणि बरणीच्या अंगावरून ओघळू लागते. जाड थर बसला तिथे काळीभोर, काठावर पातळ झाली तिथे गंजाच्या रंगाची.

हे दोघं एकमेकांना ओळखत नव्हते. पुण्यात मी खाणीचं एक चित्र पाहिलं आणि त्यानंतर लवकरच कर्जतला ताईंची काळी बरणी हातात घेतली, तेव्हाच हे प्रदर्शन ठरून गेलं. लहान गॅलरीचं बळ मला यातच दिसतं. कुणाला विचारायचं नसतं. दोन कामं एकमेकांशी बोलताहेत असं वाटलं की भिंत मोकळी करायची.

माझा हट्ट एकच आहे. मातीचं काम चित्रांच्या शेजारी शोभेला ठेवायचं नाही. ते चित्राइतकंच थांबून, वाचून, सगळ्या बाजूंनी बघितलं गेलं पाहिजे. हे भाषण देऊन होत नाही. पेडेस्टल किती उंच, दिवा कुठून, कॅप्शनमध्ये काय लिहिलंय, चहा कशात दिला यावर ते ठरतं. आजचा सगळा दिवस त्याच कामाचा आहे.

साडेआठ

कर्जतचा टेंपो गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबतो. ताई पुढे ड्रायव्हरशेजारी बसून आल्या आहेत. माल त्या एकटा पाठवत नाहीत. खोकी उतरवायला मामा आहेत. आमच्याकडे चित्रं लावण्याचं काम करणाऱ्या या गृहस्थांना अख्खी गल्ली मामाच म्हणते. खोक्यात खोकं, मधल्या जागेत भाताचा पेंढा आणि कागदाच्या पट्ट्या. थर्माकोल ताईंना चालत नाही. त्यांचं म्हणणं, पेंढा दाबला की परत फुलतो आणि भांड्याला सगळीकडून सारखा धरतो.

प्रत्येक नग बाहेर आला की आधी टिचकी. माठ घेताना बाजारात करतात तेच. नीट भाजलेल्या स्टोनवेअरचा आवाज खणखणीत येतो आणि थोडा वेळ रेंगाळतो. तडा असला तर आवाज जागच्या जागी मरतो, डोळ्यांना काही दिसलं नाही तरी. मी यादीवर खूण करते, मामा मऊ ब्रशनं पेंढा झाडतात, ताई नग उलटा करून बूड बघतात. बुडाला ग्लेझ नसतं, कारण वितळलेलं ग्लेझ भांड्याला भट्टीतल्या फळीशी कायमचं चिकटवून टाकेल. म्हणून तिथे माती उघडी राहते आणि तिच्यावर ताईंची मोहर असते. मला कुठल्याही भांड्याचा हाच भाग आधी बघावासा वाटतो. तिथे लपवायला जागा नसते.

अकराव्या नगाशी टिचकी भद्द वाजते. रुंद तोंडाचा मोठा वाडगा. ताई तो उजेडात धरून फिरवतात, नखानं काठ चाचपतात. "प्रवासात नाही गेलेला," त्या म्हणतात. "कड बघ, धारदार आहे. ग्लेझ थिजल्यावर गेलाय, भट्टी गार होताना." तडा आधीचा असता तर वितळलेल्या ग्लेझनं त्याच्या कडा गोलावल्या असत्या. मातीतला क्वार्ट्झ ५७३ अंशांना रचना बदलतो आणि उतरत्या तापमानात तिथे एकदम आकसतो. तो टप्पा भांड्याच्या एका बाजूनं आधी ओलांडला आणि दुसरीनं मागून, तर ताण आत राहतो आणि कधी कधी काही दिवसांनी बाहेर पडतो. वाडगा परत पेंढ्यात जातो. मी काही बोलत नाही. चाकावर, सुकवताना, पहिल्या भाजणीत आणि दुसऱ्या भाजणीत मिळून ताईंच्या हिशेबानं चारातला एक नग जातो. जे तीन वाचतात त्यांच्या किमतीत चौथा असतो. ते कुणाला दिसत नाही, म्हणून मी इथे लिहितेय.

सव्वादहा

टांगणी. चित्रकार सर आले आहेत. आमच्याकडे चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर येतो. बहुतेक गॅलऱ्या ५७ ते ६० इंचांच्या मध्येच काम करतात. मामा भिंतीवर दोरी ताणतात, पाणसळ लावतात, पेन्सिलीची पुसट खूण करतात. चित्रांचं गणित सोपं आहे. ते बघणाऱ्याला समोर उभं करतं आणि हवं तेवढं मागे जाऊ देतं.

अडचण त्या मागे जाण्यातच आहे. मोठ्या खाणीसमोर उभा राहिलेला माणूस तीन-चार पावलं मागे सरकतोच, आणि त्याच्या पाठीशी पेडेस्टलवर बरणी असते. म्हणून दोन्ही मिळून दाखवणारे बहुतेक जण भांडी कोपऱ्यात किंवा भिंतीला चिकटवून ठेवतात. तसं केलं की बरणीची मागची बाजू संपते. ग्लेझ भट्टीत ज्योतीच्या बाजूनं वेगळं उतरतं, आडोशाच्या बाजूनं वेगळं. मागची बाजू नसेल तर अर्धी बरणीच नाही.

आम्ही खडूनं जमिनीवर वाटा आखतो. प्रत्येक चित्रासमोर मागे जायची मोकळी पट्टी, आणि बरण्या त्या पट्ट्यांच्या मधल्या बेचक्यांत, भिंतीपासून हातभर पुढे. मग मामा चित्रांकडे तोंड करून न बघता मागे चालतात. पुन्हा पुन्हा, प्रत्येक चित्रासमोर. एके ठिकाणी त्यांचं कोपर बरणीपासून वीतभर अंतरावर येतं. पेडेस्टल सरकतो. पेडेस्टलच्या पोटात विटा भरलेल्या आहेत आणि भांड्यांच्या बुडाला मेणाचे गोळे, तरीही मामांचं कोपर हीच माझी खरी विमा पॉलिसी आहे.

उंचीवरून ताईंचं आणि माझं जुंपतं. पेडेस्टल सगळे सारखे, ४० इंचांचे करून घेतले होते. ताई म्हणतात, "या मोठीला खाली घे. तिच्या तोंडात बघता आलं पाहिजे. आतला अंधार मी बनवलाय." मला खांद्यावरचा ओघळ डोळ्यांसमोर हवा आहे. शेवटी मोठी बरणी २४ इंचांवर येते, बाकीच्या तिथेच राहतात. ताईंचं बरोबर होतं. आता तिच्याकडे जाणारा माणूस मान खाली घालतो आणि मान वर केली की समोर खाणीचा खड्डा दिसतो. सर तिथे बराच वेळ उभे राहतात, मग विचारतात, "हे हिरवट झालंय ते कशानं?" ताई सांगतात: त्या जागी राखेचं प्रमाण जास्त होतं. सरांच्या चित्रातलं पाणीही हिरवट. दोघं तिथल्या तिथे क्रशरवाल्यांची नावं जुळवू लागतात आणि मामा ड्रिल हातात धरून थांबून राहतात.

हे दोघं एका खोलीत उभे आहेत याचं मला आज विशेष वाटतं, कारण या शहरात चित्र आणि माती एकत्र येणं नवीन नाही आणि तरी विसरलं गेलंय. जे.जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. १८७०च्या दशकात तिथल्या जॉर्ज टेरींनी मातीकामाची कार्यशाळा उभी केली. त्याच काळात जॉन ग्रिफिथ्स जे.जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते, आणि त्या नक्षीतली काही फुलदाण्यांवर उतरली. तेव्हा चित्र आणि भांडं एकाच संस्थेत होती, चित्रं गुंफेतून निघून कुंभाराच्या चाकापर्यंत पोहोचत होती. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती मुंबईची भांडी अजून बघायला मिळतात. बडोद्यात ज्योत्स्ना भट्ट आयुष्यभर मातीत काम करत राहिल्या आणि त्याच घरात ज्योती भट्ट छापचित्रं करत होते. ताई ज्या परंपरेत शिकल्या ती पाँडिचेरीची, १९७१ साली रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीची. तिथून आणि अशा आणखी काही जागांमधून बाहेर पडलेल्यांनी भारतभर भट्ट्या घातल्या. भाईंदरच्या ब्रह्मदेव राम पंडितांना २०१३मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात सिरॅमिक्सचं पहिलं त्रैवार्षिक प्रदर्शन भरलं. काम आहे, भरपूर आहे. भिंती मात्र चित्रांसाठी बांधल्या जातात.

साडेबारा

दिवे. इथे दोन्ही माध्यमं एकमेकांच्या विरुद्ध उभी राहतात. जलरंगाला उजेड कमी हवा. संग्रहालयांतला दंडक ५० लक्सचा, कारण कागद पिवळा पडतो आणि काही रंग कायमचे उडतात. आमचं प्रदर्शन चार आठवड्यांचं, म्हणून मी थोडी सूट घेते, पण फार नाही. भाजलेल्या मातीला उजेडाची काहीच भीती नाही. उलट काळं ग्लेझ मंद उजेडात मुकं होतं. त्यातली लोखंडाची तांबूस झाक दिसायला थेट किरण लागतो.

शिडीवर मामा, खाली मी मीटर घेऊन. भिंतींवर पसरट, मंद दिवे. बरण्यांवर वरून अरुंद झोताचे, प्रत्येकाला काळी नळी लावून, म्हणजे उजेड बरणीवर पडेल आणि भिंतीवर सांडणार नाही. मग चकाकी. झोत सरळ पडला तर ग्लेझवर पांढरा ठिपका उमटतो आणि माणूस तोच बघत राहतो. मामा दिवा अंगठ्यानं किंचित ढकलतात. ठिपका खांद्यावरून घसरून मागे जातो आणि रंग पुढे येतो. प्रत्येक बरणीला हे करायचं. डबा खायला अडीच वाजतात, आणि तो बोलत बोलत उभ्यानंच संपतो.

तीन

कॅप्शन आणि किमतींची यादी. चित्रांची एक यादी आणि 'पॉटरी' म्हणून खाली दुसरी, असं मी करत नाही. खोलीत शिरल्यापासून जे जसं दिसेल त्या क्रमानं एकच यादी: क्रमांक ४ चित्र, क्रमांक ५ बरणी, क्रमांक ६ चित्र. चित्राखाली 'कागदावर जलरंग व गुआश, २०२५' असतं, तर बरणीखाली 'स्टोनवेअर, बेसाल्टचं ग्लेझ, १२८० अंश, २०२५'. नाव दोन्हींना.

किमतीवर ताई नेहमीच अडतात. त्यांनी मोठ्या बरणीपुढे जो आकडा लिहून पाठवला होता त्यात गॅसचे पैसेही नीट निघत नव्हते. चित्राची किंमत आपल्याकडे आकारावर, चौरस इंचावर आणि नावावर ठरते, आणि ते सगळ्यांना मान्य असतं. भांड्याची किंमत मात्र बघणारा मनातल्या मनात स्वयंपाकघरातल्या भांड्याशी ताडून बघतो. ताई स्वतः तेच करतात हे मला सहन होत नाही. आज बरणी ३८ हजारांना आणि तिच्या शेजारची मध्यम आकाराची खाण ४५ हजारांना अशी यादी छापली. ताई यादी वाचतात, चष्मा काढतात. "कोण घेईल अगं?"

"कुणी नाही घेतली तर परत कर्जतला नेऊ. पण हीच किंमत."

सव्वाचार

जे.जे.चे काही विद्यार्थी ओपनिंगच्या गर्दीआधी येऊन जातात. हा पायंडा मी मुद्दाम ठेवलाय. चित्रकलेची मुलं चित्रांशी जातात, नाकाजवळ नेऊन कागदाचा पोत बघतात, ओल्यावर ओलं कसं सोडलंय ते आपसात बोलतात. एक मुलगी मोठ्या बरणीभोवती फिरत राहते. तिला हात लावायचाय. ताई तिच्या दोन्ही हातांत शेजारचा लहान तांब्या देतात. "दिसतो त्यापेक्षा हलका आहे ना? भिंत पातळ ओढलीये. डोळ्यांना वजन दिसतं, हाताला कळतं." मुलगी डोळे मिटून बोट आतून फिरवते आणि चाकाच्या वळ्या मोजते. तिच्या मागे मग सगळे रांग लावतात.

पाच

एक जुने संग्राहक ओपनिंगआधी शांतपणे बघायला येतात. चांगली नजर आहे त्यांची, वर्षानुवर्षं चित्रं घेतली आहेत. क्रमांक ४ची खाण ते लगेच ठरवतात. मग बरणीकडे बोट दाखवून म्हणतात, "ही सोबत द्याल का? जोडी छान दिसेल."

मी त्यांना सांगते की जोडी आहे म्हणूनच दोन्हींची किंमत वेगवेगळी लिहिली आहे. चित्रावर त्यांना नेहमीची सवलत मिळेल, बरणी भेट मिळणार नाही. ते रागावत नाहीत. बरणीजवळ जाऊन खाली वाकून तोंडात बघतात, बराच वेळ. घेत नाहीत. चित्रावर विकल्याची लाल टिकली लागते.

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की त्याचं वाईट वाटणं संपायला हवं होतं. संपत नाही. त्या वेळी ताई मागच्या खोलीत असल्या तर बरं, एवढंच मी दरवेळी बघते. आज त्या दारातच उभ्या होत्या.

साडेसहा

ओपनिंग. आमच्याकडे वाइन नसते, चहा असतो. या वेळी तो ताईंच्या कपांत आहे, कान नसलेल्या, त्याच काळ्या ग्लेझच्या. कागदी कप आणायचेच नाहीत असं मी महिन्यापूर्वीच ठरवलं होतं. आत येणारा माणूस बरणी बघण्याआधी तिची माती हातात घेतो. काठ ओठांना लागतो, ऊब तळव्यात उतरते, आणि मग तो बरणीसमोर उभा राहतो तेव्हा ते अंग त्याच्या ओळखीचं झालेलं असतं. लोक कप उलटे करून मोहर बघू लागतात. एकजण त्या नादात चहा सांडतो.

गुरुवारी संध्याकाळी काळा घोडा आणि फोर्टमध्ये माणसं एका गॅलरीतून दुसरीत जात असतात. जहांगीर आर्ट गॅलरीतून बाहेर पडलेले इकडे येतात. तिथल्या फुटपाथवर चित्रं मांडून बसणारे एक आजोबाही दुकान आवरून आलेत आणि खाणीसमोर सरांशी भांडताहेत, सावलीत काळा रंग वापरला म्हणून. सर मजेत ऐकून घेतात. सावल्या त्यांनी निळ्या आणि भाजक्या तपकिरीच्या थरांनी केल्यात, हे ते आजोबांना कागदाजवळ नेऊन दाखवतात. आजोबांना पटतं, पण पूर्ण नाही.

आठच्या सुमाराला एक तरुण मुलगी मला बाजूला बोलावते. आयटीत नोकरी, भाड्याचं घर. बरणी तिला घ्यायची आहे, तीन हप्त्यांत चालेल का? चालेल. मी तिला विचारते, कुठे ठेवणार. "जमिनीवर," ती म्हणते, "आत बघता आलं पाहिजे ना." क्रमांक ५वर टिकली लावायला मी ताईंनाच सांगते. त्या गर्दीतून वाट काढत हात पुढे नेतात आणि टिकली जरा वाकडीच लावतात.

एक कप फुटला. ज्यानं फोडला तो पैसे काढू लागला, ताईंनी त्याचा हात धरून पाकीट बंद केलं. तुकडे मात्र त्यांनी वेचून पिशवीत भरले. दळून पुन्हा मातीत मिसळता येतात.

पावणेदहा

शटर अर्धं खाली. मामा कप मोजून धुताहेत. मी दिवसाचा हिशेब लिहिते. विक्रीतला निम्मा वाटा कलाकाराचा, उरलेल्या निम्म्यातून गॅलरीचं भाडं, वीज, मामांचा पगार. चित्रं आणि शिल्पांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय, तेवढाच ग्राहकाचा भार हलका झाला. सीए उद्या फोन करून बरणीबद्दल विचारेलच, शिल्प लिहू की भांडं. तिला नाव आहे, ती एकच आहे आणि तिच्यात कुणी लोणचं भरणार नाही, हे मी त्याला मागेही समजावलं होतं, पुन्हा समजावीन.

सर आणि ताई पायरीवर बसले आहेत. सरांना क्रशरची पूड हवी आहे. अरबी डिंकात घोटून तिचा रंग करता येईल का हे त्यांना बघायचंय. खाणीचं चित्र खाणीच्याच धुळीनं. ताई म्हणतात, दळलेली नको, गाळातून बसवलेली देते, तीच कागदावर सुखानं बसेल. आणि मग माझ्याकडे वळून विचारतात की पुढचं कधी.

मी वही उघडते. पावसाळ्यात मोठे नग सुकायला फार वेळ लागतो, घाई केली तर तडकतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर ताई फक्त लहान कामं करतात. ऑक्टोबरात मोठी भट्टी, नोव्हेंबरात दुसरी. सरांना एवढा अवधी नवीन रंगाशी झगडायला हवाच आहे. पुढच्या वर्षीचा डिसेंबर, दोन्ही खोल्या, असं मी लिहून टाकते, आणि ताई लगेच पेडेस्टलच्या उंचीचं काढतात: त्या वेळी सगळे २४ इंचांचे करून घे.